वाडा एक, बिऱ्हाडं अनेक : विंडोज कंटेनरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी या सदरात कुबरनेटिसची, म्हणजे अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या यंत्रणेची, तोंडओळख करून दिली आणि जाता जाता एका ओळीत लिहिलं की यावर विंडोजचे कंटेनर पण चालतात. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. आणि का येऊ नयेत, कोल्हापूर आणि आसपास बघा, फाउंड्री असू दे, साखर कारखाना असू दे, पतसंस्था असू दे, मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर लिहिलेली सॉफ्टवेअरं आजही रोजचं काम ओढतायत, लिहिणारा माणूस कधीच पुण्याला नाहीतर बंगळूरला गेला पण सॉफ्टवेअर चालू आहे. ती टाकून देणं परवडत नाही आणि तशीच ठेवली तर दर वेळी सर्व्हर बदलताना जीव मुठीत धरायला लागतो. त्यामुळं हे प्रश्न मला फार जवळचे वाटतात. नावं छापलेली नाहीत, फक्त गाव आणि काम.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, फाउंड्रीतलं आयटी बघणारे) : आमच्याकडं टेस्ट सर्टिफिकेट काढायचं सॉफ्टवेअर आहे, डॉट नेट फ्रेमवर्क ४.७ वरचं, आयआयएसवर (विंडोजच्या वेब सर्व्हरवर) चालतं. हीट नंबर (वितळवलेल्या एका घाण्याचा नंबर) टाकला की स्पेक्ट्रोचं (धातूतले घटक मोजणाऱ्या मशीनचं) रीडिंग, हार्डनेस सगळं एका कागदावर येतं. बाकीची नवी कामं आम्ही कुबरनेटिसवर नेली, तिथं सगळे नोड (क्लस्टरमधली, म्हणजे त्या एकत्र बांधलेल्या गटातली मशीनं) लिनक्सचे. साहेब म्हणतात हे पण त्यातच टाका. जाईल का? आणि विंडोज लागणारच असेल तर सगळा क्लस्टरच विंडोजचा केला तर?

जाईल, पण लिनक्सच्या नोडवर नाही जाणार, त्याला विंडोजचा नोड द्यायलाच लागेल, आणि का ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे खालचे निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

कंटेनर म्हणजे छोटी व्हर्च्युअल मशीन असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला, स्वतःचा पाया, स्वतःची विहीर, स्वतःचं मीटर. कंटेनर म्हणजे जुन्या वाड्यातलं बिऱ्हाड, आपली खोली आपली, चूल आपली, दाराला कुलूप आपलं, पण पाया, भिंती आणि मधला आड सगळ्या वाड्याचा एकच. तो आड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, तिचा गाभा. लिनक्सच्या वाड्यात लिनक्सची बिऱ्हाडं, विंडोजच्या वाड्यात विंडोजची. डॉट नेट फ्रेमवर्क फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळं तुमचं सर्टिफिकेट विंडोजच्या वाड्यातच राहणार.

आता सगळा क्लस्टर विंडोजचा करता येत नाही. कुबरनेटिसचं कंट्रोल प्लेन, म्हणजे एपीआय सर्व्हर, शेड्यूलर, एटसीडी ही सगळी कारभारी मंडळी, लिनक्सवरच चालतात. विंडोजला फक्त वर्कर नोड म्हणून जागा आहे. विंडोजमध्ये कंटेनर आले विंडोज सर्व्हर २०१६ पासून, आणि कुबरनेटिसमध्ये विंडोज नोडला पक्का सपोर्ट मिळाला १.१४ आवृत्तीत, मार्च २०१९ ला. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरच्या एकेएससारखी तयार कुबरनेटिस सेवा घेतली तरी पहिला सिस्टिम पूल (नोडचा गट) लिनक्सचाच करायला लागतो, विंडोजचा पूल त्याच्या शेजारी वाढवायचा (आणि तिथं विंडोज पूलचं नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं, लांबलचक नाव दिलं की लगेच एरर येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं). तुमचा क्लस्टर लिनक्सचा आहेच, म्हणजे अर्धं काम झालेलं आहे, एक किंवा दोन विंडोज नोड जोडा.

दोन गोष्टी मात्र सांगून ठेवतो. स्पेक्ट्रोच्या मशीनला केबलनं जोडलेला जो पीसी आहे आणि त्यावर रीडिंग उचलणारा जो छोटा प्रोग्रॅम आहे तो तिथंच राहू दे, त्याला कंटेनरमध्ये ओढू नका, त्यानं फक्त डेटाबेसमध्ये आकडे टाकावेत, वेबचा भाग तेवढा कंटेनरमध्ये न्या. आणि दुसरं, सर्टिफिकेटची पीडीएफ आधी डोळ्यानं बघा. कंटेनर ज्या साच्यातून उभा राहतो त्याला इमेज म्हणतात, आणि सर्व्हर कोअर या विंडोजच्या आटोपशीर आवृत्तीच्या इमेजमध्ये फॉन्ट फार थोडे असतात, आपल्या मशीनवर सुंदर दिसणारा कागद तिथं चौकोन चौकोन होऊन येऊ शकतो, आणि ते गिऱ्हाईकाच्या क्वालिटीवाल्यानं आधी बघायला नको. रिमोट डेस्कटॉपनं आत शिरून बघू असंही करता येत नाही, कंटेनरला डेस्कटॉपच नसतो, जे काय बघायचं ते कमांड लाइनवर.

प्रश्न (राजारामपुरी, सॉफ्टवेअर डेव्हलपर) : इमेज माझ्या लॅपटॉपवर झकास चालते. क्लस्टरवर टाकली की पॉड (कुबरनेटिसमध्ये कंटेनर ज्यात चालतो ते एकक) उभाच राहत नाही, 'द कंटेनर ऑपरेटिंग सिस्टिम डज नॉट मॅच द होस्ट ऑपरेटिंग सिस्टिम' असं येतं. दोन्हीकडं विंडोजच आहे की मग मॅच का होत नाही?

हा प्रश्न वाचला आणि माझा एक रविवार आठवला. इथल्याच एका कारखान्याचं काम होतं, नाव सांगत नाही, नोड जुने झाले म्हणून आम्ही विंडोज सर्व्हर २०१९ चे नोड काढून २०२२ चे लावले, संध्याकाळी पाचला काम संपलं असं समजून चहा घेतला आणि मग पॉड बघितले तर एक पण उभा नाही. इमेज बिल्ड केलेली २०१९ च्या बेसवर. डिस्पॅचला गाडी लागलेली, बिलं निघेनात, सुपरवायझर दर दहा मिनिटाला फोन करणार, आणि आम्ही इमेज परत बिल्ड करत बसलो, बेस इमेजच काही जीबीची, ती उतरायची वाट बघत. रात्री साडेअकराला गाडी सुटली. तो सुपरवायझर त्या गाडीजवळ तेवढा वेळ उभा होता, ते मला अजून टोचतं, कारण नोड बदलायच्या आधी एक आकडा बघितला असता तर हे घडलंच नसतं.

तो आकडा म्हणजे बिल्ड नंबर. विंडोज सर्व्हर २०१९ चा बिल्ड १७७६३, २०२२ चा २०३४८, २०२५ चा २६१००. लिनक्समध्ये कर्नल आणि वरचे प्रोग्रॅम यांच्यातला करार खूप स्थिर आहे, त्यामुळं जुनी उबंटूची इमेज नव्या नोडवर निवांत चालते. विंडोजमध्ये तसं नाही, कंटेनरच्या आतल्या फायली आणि खालचं कर्नल यांचं एकमेकांशी फार घट्ट नातं असतं, त्यामुळं १७७६३ चं बिऱ्हाड २०३४८ च्या वाड्यात मांडता येत नाही. नोडवर कमांड प्रॉम्प्टला 'व्हर' टाइप केलं की १०.०.२०३४८ आणि पुढं अजून एक आकडा असं दिसतं, त्यातला तिसरा आकडा जुळला पाहिजे. चौथा आकडा दर महिन्याच्या पॅचचा, तो पुढंमागं असला तरी सहसा चालतं, सहसा म्हणतोय कारण फेब्रुवारी २०२० च्या सिक्युरिटी अपडेटनंतर होस्टला पॅच आणि इमेजला नाही असं झालेल्या ठिकाणी गडबड झाली होती.

मग लॅपटॉपवर कसं काय चाललं? तिथं डॉकर डेस्कटॉप (आपल्या मशीनवर कंटेनर चालवायचं टूल) विंडोज १० किंवा ११ वर विंडोज कंटेनर सुरू करताना मुळातच हायपर-व्ही आयसोलेशन वापरतं. म्हणजे तुमच्या कंटेनरला गुपचूप एक छोटी व्हर्च्युअल मशीन आणि स्वतःचं कर्नल मिळतं, वाड्याऐवजी बंगला मिळतो, त्यामुळं बिल्ड नाही जुळला तरी काही कळतच नाही. कुबरनेटिसमध्ये विंडोजसाठी फक्त प्रोसेस आयसोलेशन, म्हणजे एकाच कर्नलवरची बिऱ्हाडं, आहे, हायपर-व्हीवालं नाही. लॅपटॉपनं तुम्हाला खोटं सांगितलं नाही, त्यानं वेगळ्याच घरात चालवून दाखवलं एवढंच.

करायचं काय तर इमेजच्या टॅगमध्ये एलटीएससी२०२२ (म्हणजे विंडोज सर्व्हर २०२२ चा बेस) असं स्पष्ट लिहा, 'लेटेस्ट'च्या भरवशावर राहू नका. डॉकर इमेज इन्स्पेक्ट केलं की ओएस व्हर्जन दिसतं, ते आणि नोडचा बिल्ड शेजारी ठेवून बघा. नोड बदलायचे असतील तर जुने ताबडतोब काढू नका, नवा पूल शेजारी उभा करा, दोन्ही बिल्डच्या इमेज काढून एकाच टॅगखाली मॅनिफेस्टमध्ये बांधता येतात, मग ज्या नोडवर पॉड जाईल तिथं योग्य ती उतरते. आणि प्रत्येक विंडोज नोडला कुबरनेटिस आपोआप 'विंडोज-बिल्ड' नावाचं लेबल लावतं, त्यात हाच १०.०.२०३४८ असतो, पॉडच्या नोड सिलेक्टरमध्ये (कुठल्या लेबलचा नोड हवा ते सांगणाऱ्या ओळीत) तो टाकला की पॉड चुकीच्या बिल्डवर जातच नाही.

प्रश्न (गोकुळ शिरगाव) : विंडोज नोड जोडल्यापासून उलटाच ताप सुरू झालाय, लिनक्सचे पॉड विंडोजवर जाऊन अडकतात.

शेड्यूलरला तुम्ही काही सांगितलं नाही तर तो जागा दिसेल तिथं टाकणार. विंडोजच्या नोडला टेंट (म्हणजे 'इथं येऊ नका' अशी पाटी) लावा, 'ओएस बरोबर विंडोज, नो शेड्यूल' असा, म्हणजे ज्याच्याकडं टॉलरेशन (ती पाटी ओलांडायची परवानगी) आहे तोच आत येईल. मग तुमच्या जुन्या लिनक्सच्या फायली, बाहेरून घेतलेले हेल्म चार्ट (तयार इन्स्टॉलेशनचे संच), मॉनिटरिंगचे डेमनसेट (प्रत्येक नोडवर एक पॉड ठेवणारी सोय) यांना हात न लावता ते आपोआप लांब राहतील (एखादा डेमनसेट सगळ्याच टेंटला टॉलरेशन देऊन बसलेला असतो, त्याला मात्र लिनक्सचा नोड सिलेक्टर घालायलाच लागतो). विंडोजच्या पॉडला टॉलरेशन आणि नोड सिलेक्टर दोन्ही द्या. बरेच लोक पॉडच्या स्पेकमध्ये ओएसचं नाव 'विंडोज' लिहितात आणि झालं असं समजतात, ते लिहा, ते चांगलंच आहे, पण शेड्यूलर नोड निवडताना ते बघत नाही. दर फायलीत हे लिहून कंटाळा आला असेल तर एक रनटाइमक्लास करा, त्यात सिलेक्टर आणि टॉलरेशन एकदाच लिहायचं आणि पॉडमध्ये फक्त त्याचं नाव द्यायचं.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कागल) : सर, विंडोज पॉडमध्ये शिरून बाहेरच्या साइटला पिंग केलं तर टाइमआउट. दुसऱ्या पॉडला पिंग जातं. नेटवर्क कुठं तुटलंय तेच कळेना, तीन दिवस झाले.

भावा, काही तुटलेलं नाही. विंडोजच्या नेटवर्कमध्ये पॉडची पाकिटं बाहेर पाठवताना पत्ता बदलायचं काम जे करतं त्याला टीसीपी आणि यूडीपीचा पत्ता बदलता येतो, पिंगच्या आयसीएमपीचा नाही येत. त्याच नेटवर्कमधल्या पॉडला पत्ता बदलायची गरज नाही म्हणून तिथं पिंग लागतं. बाहेरचं तपासायला पिंगऐवजी कर्ल वापर, ते विंडोजच्या इमेजमध्ये असतं. अजून एक असंच, नोडपोर्टची (नोडच्याच एका पोर्टवर उघडलेली) सेवा त्याच विंडोज नोडवर बसून लोकल उघडायला गेलास तर लागत नाही, दुसऱ्या नोडवरून किंवा बाहेरून लागते, त्यावर अजून तीन दिवस घालवू नकोस. तू पॉडला आणि बाहेरच्या साइटला अशी दोन्हीकडं पिंग करून तुलना केलीस हे मला फार आवडलं, त्यामुळंच दोन ओळीत उत्तर देता आलं.

प्रश्न (इचलकरंजी, यंत्रमागाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणारे) : आमचा पॉड नव्या नोडवर पहिल्यांदा जातो तेव्हा पंचवीस-तीस मिनिटं कंटेनर क्रिएटिंगच दाखवतो. इमेज छोटी करायचा काही उपाय?

पहिला प्रश्न स्वतःला विचारा की बेस कुठला घेतलाय. मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या वेगवेगळ्या बेस इमेज देतं, त्यातल्या दोनच रोजच्या कामाच्या. नॅनो सर्व्हर काही शे एमबीची, सर्व्हर कोअर काही जीबीची. नॅनो बघून तोंडाला पाणी सुटतं पण तिच्यात डॉट नेट फ्रेमवर्क नाही, पॉवरशेल नाही, ३२ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत, एमएसआयवाला इन्स्टॉलर चालत नाही. तुमचं सॉफ्टवेअर डॉट नेट ८ वर (लिनक्सवरही चालणाऱ्या नव्या डॉट नेटवर) असेल तर नॅनोवर जाईल, पण डॉट नेट ८ वर असेल तर मी म्हणेन विंडोज कशाला, सरळ लिनक्सवर न्या. फ्रेमवर्कवरच असेल तर सर्व्हर कोअरला पर्याय नाही आणि ते वजन उचलायलाच लागतं.

मग वजन कमी होत नसेल तर ते सारखं सारखं उचलायला लागू नये एवढं बघायचं. इमेज थरांची असते, खालचा जाडजूड थर एकदा नोडवर आला की परत उतरत नाही, वरचे तुमचे पातळ थर तेवढे बदलतात. म्हणून तुमची चार सॉफ्टवेअरं असतील तर चौघांनी अगदी एकाच बेसवर, एकाच महिन्याच्या टॅगवर बसावं. एक मे महिन्याच्या टॅगवर आणि एक जुलैच्या असं झालं की नोडवर काही जीबीचे दोन ढीग होतात. दुसरं म्हणजे इमेज लांबच्या रजिस्ट्रीतून (इमेजच्या कोठारातून) न आणता नोडच्या जवळ, त्याच डेटासेंटरमध्ये नाहीतर ऑफिसात स्वतःची रजिस्ट्री ठेवा. तिसरं, एक छोटा डेमनसेट विंडोज नोडवर ठेवायचा जो त्याच बेस इमेजवर काही न करता बसून राहतो, म्हणजे नवा नोड आला की आधी तो बेस ओढून घेतो आणि तुमचा खरा पॉड येईपर्यंत जड थर तयार असतो, मी हे सगळीकडं करतो. आणि बिल्ड दोन टप्प्यात करा, व्हिज्युअल स्टुडिओची बिल्ड टूल्स असलेल्या इमेजमध्ये कंपाइल, मग फक्त तयार फायली उचलून दुसऱ्या इमेजमध्ये. तुमच्या डॉकरफाइलमध्ये एसडीकेसकट सगळं आत राहिलेलं असणार, जरा बघा.

महिन्याला बेस बदलायला लागणारच आहे हे पण धरून चला. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच काढतं आणि त्या पॅचसकट बेस इमेजही नव्यानं देतं. कंटेनरच्या आत विंडोज अपडेट चालवायचं नसतं, नव्या बेसवर इमेज परत बिल्ड करून पॉड बदलायचे. त्या बुधवारी-गुरुवारी बिल्ड आपोआप होईल असं लावून टाका आणि चौघांची एकदमच करा.

प्रश्न (साखर कारखाना, करवीर तालुका) : हंगामात ऊस वजनकाट्याची पावती देणारं आमचं सॉफ्टवेअर विंडोज पॉडमध्ये आहे. दोन-तीन दिवस चांगलं चालतं, मग हळूहळू एवढं मंद होतं की पावतीला मिनिट लागतं आणि ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत जाते. पॉड मात्र रनिंगच दाखवतो, रिस्टार्ट पण शून्य. लिनक्सच्या पॉडची मेमरी संपली की तो मरून परत उठतो, हा का मरत नाही?

कारण विंडोजमध्ये ओओएम (आऊट ऑफ मेमरी) किलर नावाचा प्रकारच नाही. लिनक्स मेमरी संपली की कुणाला तरी मारतं आणि कुबरनेटिस त्याला परत उठवतं, क्रूर वाटतं पण काम होतं. विंडोज मारत नाही, ते पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर, मेमरीची पानं हलवत बसतं. डिस्क ती डिस्कच, सगळा नोड हळू होतो, तुमच्या काट्याबरोबर शेजारचे पॉड पण रखडतात आणि बाहेरून सगळं हिरवं दिसतं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला उन्हात उसाचं वजन घटताना दिसतं, त्याला मेमरीचं काय देणंघेणं, म्हणून हे आधी दुरुस्त करा, बाकीचं नंतर.

प्रत्येक विंडोज पॉडला मेमरीची लिमिट द्या, एकही पॉड विनालिमिटचा नको. लिमिट गाठली की आतल्या प्रोसेसला नवी मेमरी मिळत नाही, डॉट नेट आऊट ऑफ मेमरीचं एक्सेप्शन फेकतं, म्हणजे दुखणं त्या पॉडपुरतं राहतं, सगळ्या नोडला लागत नाही. नोडवर खुद्द विंडोजसाठी आणि क्यूबलेटसाठी (नोडवर बसून पॉड चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या प्रोग्रॅमसाठी) किमान २ जीबी बाजूला ठेवा, कुबरनेटिसची कागदपत्रं पण एवढंच सांगतात, क्यूबलेटच्या रिझर्व्हच्या सेटिंगमध्ये ते लिहायचं. सगळ्या पॉडच्या लिमिटची बेरीज नोडच्या उरलेल्या मेमरीच्या आत ठेवा, विंडोजवर ताणून भरायची सवय नको. आणि लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का ते ठरावीक वेळानं बघणारी तपासणी) असा लिहा की तो नुसतं पोर्ट उघडं आहे का बघणार नाही तर खरंच एक छोटी पावती-चौकशी करून बघेल आणि पाच सेकंदात उत्तर आलं नाही, असं लागोपाठ तीन वेळा झालं, तर कंटेनर परत सुरू होईल. मरत नसेल तर त्याला मरायचं कारण आपणच द्यायचं.

मेमरी गळतीय कुठं ते शोधायलाच लागेल, आणि इथं तुम्हाला दुसरी अडचण येणार, लॉगची. कुबरनेटिसला फक्त स्टँडर्ड आउटपुटवर आलेलं दिसतं. जुनी विंडोजची सॉफ्टवेअरं तिथं काहीच लिहीत नाहीत, ती इव्हेंट लॉगमध्ये लिहितात, आयआयएस स्वतःच्या फोल्डरमध्ये फायली करतं, आणि पॉड गेला की ते सगळं त्याच्याबरोबर जातं. मायक्रोसॉफ्टचं लॉग मॉनिटर नावाचं एक छोटं मोफत टूल आहे, ते इमेजमध्ये टाकायचं, इव्हेंट लॉग, ईटीडब्ल्यू (विंडोजची आतली नोंद-यंत्रणा) आणि तुम्ही सांगाल त्या फायली वाचून सगळं स्टँडर्ड आउटपुटवर आणून देतं. हे लावल्यावर क्यूबसीटीएल लॉग्ज दिलं की पहिल्यांदा काहीतरी वाचायला मिळतं. तोपर्यंत हंगाम चालू आहे, तर पाळी बदलताना रोज एकदा पॉड आपणहून बदलायचं वेळापत्रक लावा, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

प्रश्न (पतसंस्था, गडहिंग्लज) : आमचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरला विंडोज लॉगिननं जोडतं, पासवर्ड कुठंच लिहिलेला नाही. कंटेनरमध्ये नेल्यावर लॉगिन फेल. कंटेनर डोमेनला जोडायचा कसा?

कंटेनर डोमेनला जोडता येत नाही, आणि कृपा करून आता कनेक्शन स्ट्रिंगमध्ये पासवर्ड लिहायला लागू नका, लोकांच्या ठेवी आहेत. यासाठी जीएमएसए म्हणून सोय आहे, ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट, कुबरनेटिसमध्ये १.१८ पासून ती पक्की आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये, जिथं डोमेनची सगळी खाती असतात, असं एक खातं काढायचं ज्याचा पासवर्ड डिरेक्टरी स्वतःच बदलत राहते, माणसाला तो कधीच दिसत नाही. मग क्लस्टरमध्ये क्रेडेन्शियल स्पेक टाकायचा, त्यात डोमेनचं आणि खात्याचं नाव असतं, गुपित काहीच नसतं, आणि पॉडच्या विंडोज ऑप्शन्समध्ये त्याचा उल्लेख करायचा. त्यासाठीचे वेबहुक (पॉड तयार होताना तपासणी आणि भर घालणारे प्रोग्रॅम) क्लस्टरवर आधी बसवायला लागतात.

लोक जिथं अडकतात त्या दोन जागा सांगतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन काढताना खात्याच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असतं, ते विसरलं की लॉगिन फेलच येत राहतं. आणि आयआयएसचा ॲप पूल नेटवर्क सर्व्हिस किंवा लोकल सिस्टिम म्हणून चालला पाहिजे, मूळच्या ॲप पूल ओळखीवर ठेवला तर जीएमएसएची ओळख लागू होत नाही. डिरेक्टरीत याआधी कधी असं खातं काढलं नसेल तर केडीएस रूट की (असे पासवर्ड जिच्यावरून तयार होतात ती मुख्य किल्ली) तयार करायला लागते आणि ती सगळ्या डोमेन कंट्रोलरवर पोचावी म्हणून दहा तास थांबायला लागतं. ती संध्याकाळी करून घरी जा, सकाळी पुढचं काम करा. डेटाबेस मात्र आहे तिथंच, बाहेर, स्वतंत्र सर्व्हरवर राहू दे.

प्रश्न (शाहूपुरी, चार जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या ताई) : आमची तीन सॉफ्टवेअरं आहेत. सराफांसाठी स्टॉकचं, चप्पल निर्यातदारांसाठी ऑर्डरचं, आणि एक जुनं पगारपत्रकाचं. दोन विंडोज सर्व्हरवर चालतात, तक्रार नाही. आता एक मोठं गिऱ्हाईक म्हणतंय कुबरनेटिसवर असेल तरच घेऊ. आम्हाला खरंच याची गरज आहे का?

ताई, तुम्ही 'तक्रार नाही' हे लिहिलंत म्हणून मनापासून सांगतो, तुमच्या स्वतःच्या दोन सर्व्हरसाठी गरज नाही. चार माणसांत क्लस्टर सांभाळायला अर्धा माणूस जातो, आणि विंडोज नोड असला की जरा जास्तच, परवाना विंडोज सर्व्हरचा लागतो ते वेगळं. गिऱ्हाईकासाठी करायचं असेल तर तिघांना एका मापानं मोजू नका.

ऑर्डरचं सॉफ्टवेअर तुम्ही एमव्हीसीमध्ये लिहिलंय असं पत्रात आहे, ते डॉट नेट ८ वर उचलायला फार त्रास होऊ नये, तेवढे कष्ट घ्या आणि त्याचा लिनक्स कंटेनर करा, तो हलका होतो, कुठल्याही क्लस्टरवर जातो आणि वर लिहिलेल्या निम्म्या कटकटी त्याला लागतच नाहीत. सराफांचं वेब फॉर्म्समध्ये, म्हणजे डॉट नेट फ्रेमवर्कच्या जुन्या वेब पद्धतीत, आहे, वेब फॉर्म्स नव्या डॉट नेटमध्ये आलंच नाही, म्हणजे ते परत लिहायला लागेल किंवा विंडोज कंटेनरमध्ये जसंच्या तसं न्यायला लागेल, आणि विंडोज कंटेनर खरा अशासाठीच आहे. ते नेताना दागिन्यांचे फोटो जे सी ड्राइव्हवरच्या अपलोड्स फोल्डरमध्ये जातात ते आधी बाहेर काढा, पॉड बदलला की ते फोल्डर रिकामं होतं, एसएमबी शेअर (नेटवर्कवरचं सामाईक फोल्डर) सीएसआय ड्रायव्हरनं (पॉडला बाहेरचं स्टोअरेज जोडणाऱ्या सोयीनं) जोडा आणि फोटो तिथं ठेवा, हुपरीच्या एखाद्या कारागिराचं वर्षभराचं डिझाइन एका रात्रीत जायला नको. पगारपत्रक महिन्यातून एकदा चालतं आणि डेस्कटॉपची खिडकी उघडतं, ते कंटेनरमध्ये जाणारच नाही, ते आहे त्या सर्व्हरवर राहू द्या.

गिऱ्हाईकाला होकार द्यायच्या आधी त्यांच्या क्लस्टरमध्ये विंडोज नोड आहेत का आणि असतील तर बिल्ड कुठला, हे लेखी मागून घ्या. नसतील तर सराफांच्या सॉफ्टवेअरचा भाव वेगळा सांगायला लागेल, कारण मग ते परत लिहायचं काम आहे.